कोणते कर्वे, कोणते साल?

मानसशास्त्राच्या नियतकालिकासाठी लिहिलेल्या लेखात प्रत्येक संदर्भ दोनदा येतो. एकदा मजकुरात, जिथे दुसऱ्याचे म्हणणे किंवा निष्कर्ष घेतला त्याच जागी, लेखकाचे आडनाव आणि प्रकाशनाचे साल एवढ्या खुणेने. दुसऱ्यांदा लेखाच्या शेवटी, संदर्भसूचीत, त्या लेखनाच्या पूर्ण पत्त्यासह. मजकुरातली खूण वाचकाला सूचीकडे नेते आणि सूची त्याला ग्रंथालयातल्या फळीकडे किंवा संगणकावरच्या मूळ लेखाकडे नेते. या साखळीची एक कडी तुटली तरी वाचक मध्येच अडकतो. संदर्भ लिहिण्याचे सगळे नियम, अगदी स्वल्पविराम कुठे द्यायचा इथपर्यंतचे, ही साखळी टिकावी यासाठी आहेत.

मानसशास्त्रात हे नियम बहुतेक ठिकाणी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पुस्तिकेतून घेतले जातात. वांद्र्याच्या लिंकिंग रोडवरचे नॅशनल कॉलेज असो, सेंट अँड्र्यूज असो, की वांद्रे-कुर्ला संकुलापलीकडची मुंबई विद्यापीठाची कालिन्यातली विद्यानगरी असो, मानसशास्त्र शिकणाऱ्याच्या कानावर ‘एपीए स्टाईल’ हे शब्द पहिल्या प्रकल्पापासूनच पडतात. नियम का आहेत हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे मार्क कापले जाऊ नयेत म्हणून पाळायची कटकट एवढेच त्यांचे रूप उरते.

लेखकाचे नाव आणि साल कंसात देण्याची रीत मानसशास्त्राने प्राणिशास्त्राकडून घेतली. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये गोगलगायीच्या जातीच्या एका जीवावरच्या निबंधात ती वापरली, आणि या पद्धतीचा उगम सहसा तिथे मानला जातो. तळटीप शोधायला नजर पानाच्या तळाशी न्यावी लागते. कंसातले साल ओळीतच दिसते आणि पुरावा किती जुना आहे ते वाचता वाचता कळते. मानसशास्त्रासारख्या विषयात हे फार उपयोगाचे आहे. बुद्धिमापनाची १९४० ची मानके आजच्या मुलाला लावणे योग्य आहे का, हा प्रश्न वाचकाच्या मनात ते साल पाहूनच उभा राहतो.

१९२८ मध्ये मानसशास्त्र आणि मानववंशशास्त्राच्या नियतकालिकांचे संपादक आणि व्यवस्थापक एकत्र बसले. मॅडिसन बेंटली त्यांचे अध्यक्ष होते. त्यांनी ठरवलेल्या सूचना १९२९ च्या ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये अवघ्या सात पानांत छापल्या गेल्या. १९५२ मध्ये त्यांना ‘पब्लिकेशन मॅन्युअल’ हे नाव मिळाले. सध्या चालू आहे ती सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली आणि ती चारशे पानांहून मोठी आहे. पाने वाढण्याचे एक कारण म्हणजे संदर्भांचे प्रकार वाढले: चाचण्या, प्रबंध, चित्रफिती, संगणक प्रणाली, माहितीसंच.

नियम नीट कळायला एकच पुस्तक हातात घेणे बरे. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. मराठी मानसशास्त्राच्या इतिहासातले हे पायाचे काम आहे आणि ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती चाचणी महाराष्ट्रातल्या कितीतरी दवाखान्यांत आणि शाळांत वापरली गेली. कामतांच्या पुस्तकाची सूचीतली नोंद अशी होते: कामत, व्ही. व्ही. (१९४०). मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस.

नोंदीचे चार भाग आहेत आणि प्रत्येक भाग एका प्रश्नाचे उत्तर आहे. कोणी लिहिले, केव्हा, काय, आणि ते कुठे मिळेल. प्रत्येक भागानंतर पूर्णविराम. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षरे. कारण सूची आडनावाच्या वर्णक्रमाने लागते. पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरांत, म्हणजे स्वतंत्रपणे छापलेली वस्तू कोणती ते नजरेला कळते. इंग्रजीत लिहिताना पुस्तकाच्या नावातला पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा पहिला शब्द आणि विशेषनामे एवढीच मोठ्या अक्षराने सुरू होतात. म्हणून वरच्या नावात ‘मेझरिंग’ आणि ‘इंडियन’ यांचे पहिले अक्षर मोठे राहील, ‘चिल्ड्रन’चे राहणार नाही.

जुन्या लेखांत हीच नोंद पाहिली तर प्रकाशकाच्या नावाआधी ‘बॉम्बे’ सापडते. सातव्या आवृत्तीने प्रकाशनाचे गाव काढून टाकले. एकेकाळी पुस्तक मागवायला गाव लागत असे. आता प्रकाशकाच्या नावावरून पुस्तक सापडते. मुंबईच्या लेखकांना याचा एक वेगळाच फायदा झाला. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले तेव्हापासून जुन्या पुस्तकासाठी ‘बॉम्बे’ लिहायचे की ‘मुंबई’, हा वाद प्रत्येक सूचीत होता. पुस्तकांपुरता तो मिटला. प्रबंधांच्या बाबतीत तो आहेच, कारण तिथे विद्यापीठाचे नाव द्यावे लागते. नियम सरळ आहे: प्रबंधावर जे नाव छापले आहे तेच द्यायचे. १९८५ चा प्रबंध ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’चा, विद्यापीठाचे नाव बदलल्यानंतरचा ‘मुंबई’चा. जुन्या प्रबंधावर आजचे नाव चढवले तर जुन्या ग्रंथसूचीत शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

कामतांच्या पुस्तकाच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या. १९६७ ची चौथी. संशोधकाने चाचणी १९६७ च्या आवृत्तीवरून घेतली असेल तर नोंदीत १९६७ हे साल आणि नावापुढे कंसात ‘चौथी आवृत्ती’ असे आले पाहिजे. इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. पाठ्यपुस्तकात ‘कामत, १९४०’ वाचलेले असते, प्रत्यक्ष गुण मोजलेले असतात चौथ्या आवृत्तीच्या तक्त्यांवरून, आणि सूचीत मात्र १९४० जाते. परीक्षकाने तो आकडा पडताळायला मूळ पुस्तक उघडले तर त्याला दुसरेच पान दिसते. वापरलेली प्रत हाच संदर्भ, ऐकलेली नाही.

मूळ पुस्तक पाहिलेच नसेल तर तेही प्रामाणिकपणे सांगण्याची सोय नियमांत आहे. बिने आणि सिमॉन यांचा १९०५ चा फ्रेंच लेख महाराष्ट्रात फारच थोड्यांनी मुळातून वाचला असेल. एलिझाबेथ काइट यांनी १९१६ मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद वाचला असेल तर मजकुरात ‘बिने आणि सिमॉन, १९०५/१९१६’ अशी दोन साले येतात. आधी मूळ, मग हातात आहे ते. तोही पाहिला नसेल आणि माहिती दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातून आली असेल, तर मजकुरात मूळ लेखकाचे नाव देऊन ‘अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत’ असे लिहायचे आणि सूचीत फक्त त्या दुसऱ्या पुस्तकाची नोंद करायची. अशी नोंद संपादकांना फारशी आवडत नाही, पण न वाचलेले पुस्तक सूचीत मिरवण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी.

नियतकालिकातल्या लेखाची नोंद थोडी लांबते. कामतांनी याच कामावरचा लेख १९३४ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’च्या चौथ्या खंडात प्रसिद्ध केला होता. अशा नोंदीत लेखक, साल आणि लेखाचे नाव येते. मग नियतकालिकाचे नाव आणि खंड क्रमांक तिरप्या अक्षरांत, खंडाला चिकटून कंसात अंक क्रमांक सरळ अक्षरांत, आणि मग पृष्ठांक. लेखाचे नाव इथे सरळ अक्षरांत राहते, कारण फळीवर जाऊन शोधायचा असतो तो खंड. लेख त्याच्या पोटात असतो. शेवटी डीओआय. हा क्रमांक लेखाला कायमचा चिकटतो. प्रकाशक बदलला, संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो बदलत नाही. सातव्या आवृत्तीत तो पूर्ण दुव्याच्या रूपात लिहितात, त्यापुढे पूर्णविराम देत नाहीत आणि ‘येथून मिळवले’ असे शब्दही जोडत नाहीत. भारतीय प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ या भांडारात प्रत्येक प्रबंधाला असाच कायमचा दुवा असतो. पडद्यावर वर दिसणारा लांबलचक पत्ता उतरवण्याऐवजी तो दुवा द्यावा.

मजकुरातल्या खुणेचे नियम थोडे आहेत. नाव वाक्याच्या ओघात आले तर फक्त साल कंसात: कामत (१९४०) यांनी असे मांडले. नाहीतर दोन्ही कंसात. दोन लेखक असतील तर दोघांची नावे प्रत्येक वेळी. तीन किंवा अधिक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून पहिले नाव आणि ‘व इतर’. सूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळ्यांची नावे द्यायची. एका कंसात अनेक संदर्भ आले तर ते सूचीच्याच क्रमाने, मध्ये अर्धविराम देऊन. शब्दशः उतारा घेतला तर पृष्ठांक हवाच. उतारा चाळीस शब्दांचा किंवा त्याहून मोठा असेल तर अवतरणचिन्हे काढून तो वेगळ्या परिच्छेदात आत सरकवून लावतात.

मराठी नावांच्या बाबतीत मात्र जरा थांबावे लागते. या नियमांत माणसाचे नाव कसे असते याची एक अमेरिकी कल्पना गृहीत धरलेली आहे. मुंबईत शाळेपासून परीक्षेच्या अर्जावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, असे लिहिण्याची सवय लागते. तोच क्रम संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरो किंवा मेंडेलीसारख्या प्रणालीत तसाच टाकला की ती शेवटचा शब्द आडनाव समजू शकते, आणि वडिलांचे नाव आडनाव होऊन सूचीत भलत्याच अक्षराखाली जाऊन बसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे लेखन दोन नावांखाली विभागले जाते. संदर्भ देणाऱ्याने ते नाव बदलायचे नाही. लेखावर छापले आहे तेच द्यायचे. लेखिकेने संशोधकाची ओळख सांगणारा स्वतःचा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक घेतला तर दोन्ही नावांचे लेखन एका ठिकाणी जुळते. स्पेलिंगचाही प्रश्न आहे. वाघ ‘व्ही’खाली शोधायचे की ‘डब्ल्यू’खाली, फडणीस ‘एफ’खाली की ‘पी’खाली, याचे उत्तर लेखक स्वतः जसे लिहितो तसे, एवढेच.

आडनाव एकच असले की काय होते, याचे कर्वे कुटुंबाइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. भारतातल्या लैंगिक वृत्तींचा इतिहास लिहिणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ टाळता येत नाही. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे हे मासिक त्यांनी जिद्दीने चालवले. तोच संशोधक कुटुंबरचनेकडे वळला की त्याला इरावती कर्वे यांचे ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ लागते, आणि त्याचेही साल १९५३. स्त्रीशिक्षणाकडे गेला तर धोंडो केशव कर्वे आहेतच. सासरे, दीर आणि सून अशी ही एका घरातली तीन माणसे, आणि मजकुरात नुसते ‘कर्वे, १९५३’ लिहिले तर ते मासिकातले शेवटच्या वर्षातले लेखन की नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ, हे वाचकाला कळायला मार्ग नाही. अशा वेळी आडनावाआधी आद्याक्षरे द्यायची असा नियम आहे, आणि साले वेगळी असली तरी तो पाळायचा: ‘र. धों. कर्वे, १९५३’, ‘इ. कर्वे, १९५३’. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख असतील तर सालापुढे अ, आ किंवा इंग्रजीत ए, बी लावतात. ‘समाजस्वास्थ्य’वर काम करणाऱ्याला अशी अक्षरे भरपूर लागतील, कारण बरेचसे मासिक कर्वे स्वतःच लिहीत.

इंग्रजी नियतकालिकाकडे पाठवायच्या लेखात मराठी संदर्भ द्यायचा असेल तर नाव रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे लिहायचे आणि त्यापुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. कंसातला अर्थ सरळ अक्षरांत राहतो. त्याहून महत्त्वाचा एक नियम फार थोड्यांना माहीत असतो. मराठी उताऱ्याचा इंग्रजी अनुवाद संशोधकाने स्वतः केला असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकायचा नाही. शब्द अनुवादकाचे असतात, म्हणून तो आशयाचा पुनरुल्लेख मानला जातो. मूळ शब्दच वाचकापुढे ठेवायचे असतील तर मूळ मराठी ओळ द्यावी आणि खाली अर्थ सांगावा. जिथे शब्दाच्या छटेवर युक्तिवाद उभा आहे तिथे हेच करणे योग्य. ‘लाज’ या शब्दाला इंग्रजीत एकच शब्द दिला की अर्धा मुद्दा तिथेच सांडतो.

पत्रे आणि संभाषणे यांचा नियमही असाच विचारपूर्वक केलेला आहे. विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवणारे मुंबईचे कि. मो. फडके यांचा त्या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता. असे पत्र कुणाच्या घरच्या कपाटात असेल आणि वाचकाला ते पाहता येण्यासारखे नसेल, तर ते सूचीत येत नाही; मजकुरात ‘वैयक्तिक पत्रव्यवहार’ असे म्हणून नेमकी तारीख देतात. तेच पत्र ग्रंथालयाच्या संग्रहात सर्वांना खुले झाले की त्याला सूचीत जागा मिळते. मुलाखतींचे मात्र वेगळे आहे. समजा, वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासातल्या ज्येष्ठ रहिवाशांशी बोलून वार्धक्य आणि सर्जनशीलता यांचा अभ्यास केला. त्या मुलाखती ही संशोधनाची सामग्री आहे. त्यांतली विधाने ‘वैयक्तिक संभाषण’ म्हणून नावानिशी द्यायची नाहीत. नाव झाकून, अभ्यासातली सामग्री म्हणून द्यायची. इथे संदर्भाच्या नियमावर संशोधनातल्या नीतीचा नियम वरचढ ठरतो, आणि ते बरोबरच आहे.

संदर्भांची नुसती नक्कल केल्याने काय होते याचा एक नमुना प्रसिद्ध आहे. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकाने लेखकांसाठी दिलेल्या साच्यात, नोंद कशी दिसते हे दाखवायला वॅन डर गीर आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या एका लेखाची नोंद छापली होती. तो लेख अस्तित्वातच नव्हता. नेदरलँड्सचे संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रूननबर्ग यांना तो शोधूनही सापडेना, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. तोवर जवळपास ४०० लेखांच्या सूचीत ती नोंद जाऊन बसली होती. संगणकाला विचारून तयार होणाऱ्या सूचींमुळे हा धोका आता फार वाढला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने खऱ्या लेखकाचे नाव, खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि न लिहिलेला लेख अशी नोंद सफाईने जुळवून देतात. डीओआय उघडून पाहणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. लेख उघडला की तो मागे घेतलेला तर नाही, हेही तिथेच दिसते. डच मानसशास्त्रज्ञ डीडेरिक स्टापेल यांची लबाडी २०११ मध्ये उघड झाली आणि पुढे त्यांचे पन्नासहून अधिक लेख मागे घेतले गेले. ते लेख जुन्या पाठ्यपुस्तकांतून अजून नकळत उचलले जाऊ शकतात.

वाङ्मयचौर्याबद्दलचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियमही संदर्भांशी बांधलेले आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर प्रबंध सुधारून द्यावा लागतो. साठच्या वर गेले तर नोंदणी रद्द होते. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. म्हणजे योग्य जागी दिलेले नाव आणि साल विद्यार्थ्याचे रक्षणच करते.

सगळी नियतकालिके एपीए पाळतात असेही नाही. ‘इंडियन जर्नल ऑफ सायकायट्री’सारखी वैद्यकीय वळणाची नियतकालिके मजकुरात आकडे देतात आणि सूची त्या आकड्यांच्या क्रमाने लावतात. म्हणून लिहायला बसण्याआधी नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात. एपीए असेल तर सूची नव्या पानावर सुरू होते, शीर्षक मध्यभागी ठळक असते, ओळींत दुप्पट अंतर असते, प्रत्येक नोंदीची पहिली ओळ समासाला लागून आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत असतात. पाठवण्याआधीची शेवटची तपासणी हाताने करावी. छापील प्रत घेऊन मजकुरातल्या प्रत्येक खुणेवर पेन्सिलीने टिक करायची आणि सूचीतल्या तिच्या नोंदीवरही. टिक न पडलेली नोंद काढून टाकायची. नोंद न सापडलेली खूण पूर्ण करायची. सूचीत फक्त मजकुरात आलेलेच संदर्भ राहतात, वाचलेले सगळे नाहीत.

आणि हे सारे सुरू होते ते झेरॉक्सच्या दुकानात. जुन्या मराठी पुस्तकातली किंवा मासिकातली चार पाने काढून आणली जातात, वर्षभराने लिहायला बसल्यावर त्यांच्यावर ना साल सापडते, ना अंक. ग्रंथालयातून पाने काढताना मुखपृष्ठ, त्यामागचे प्रकाशकाचे पान आणि पृष्ठांक दिसतील अशी पहिली-शेवटची पाने आधी काढून घ्यावीत.